बुटक्या ढोलवाल्याची नाकपुडी

दुसरा. दुसरा नंबर. अहो अकरा वर्षं, सलग अकरा वर्षं बीस्टनच्या आमच्या मंगळवार क्लबाचा चषक माझ्या घरी, बायको त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते ते सोडा, पण चषक माझा, आणि या वर्षी मी दुसरा, आणि पहिलं कोण, तर एक सहा वर्षांची मुलगी. म्हणजे आज ती सेहेचाळीसची आहे, पण रंगवलं तेव्हा सहाची... म्हणजे तेही खरं नाही... थांबा. असं नाही कळायचं तुम्हाला. पहिल्यापासून सांगतो, आणि तोंड वाकडं करू नका, कारण मदतच करत होतो मी.

तर हे आमचं वेड. बोटभर उंचीचे धातूचे पुतळे जमवायचे आणि रंगवायचे. राक्षस, चेटक्या, कुऱ्हाडी घेतलेले बुटके. आम्ही शाळेत होतो तेव्हा खिशातल्या खाऊच्या पैशात मिळायचे, मग कंपनीनं बंद केले, मग आमचे केस गेले, आणि आता तेच जुने साचे कपाटातून काढून तेच पुतळे पुन्हा ओतून विकतात, आणि आम्ही टकले सकाळी दहाच्या ठोक्याला कॉम्प्युटरपुढे रांग लावून बसतो. मॉइरा, म्हणजे आमची बायको, मागून चहाचा कप पुसत विचारते, "क्लाइव्ह, हे तुझ्याकडे होते ना?" होते. "मग तुझ्या आईनं टाकून दिले ना?" दिले. "तिला कळत होतं म्हणायचं."

या वसंतात बुटक्यांचा वाजंत्री ताफा पुन्हा निघाला. आठ जण. शिंगवाला, झांजवाला, आणि सगळ्यात पुढे ढोलवाला. अकरा मिनिटांत संपले, पण मला मिळाले. क्लबात घेऊन गेलो, पबच्या माडीवर असतो आमचा क्लब, आणि तिथं भांडण लागलं. एक जण म्हणाला, साचे झिजलेत, नव्यात ती मजा नाही, जुन्या ढोलवाल्याच्या डाव्या नाकपुडीत एक केस होता, नव्यात नाही. केस! मी म्हटलं, जुन्यातही नव्हता. तो म्हणाला, होता. तीन मंगळवार हे चाललं. हसताय तुम्ही, पण आमच्यात यावरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालीत. आता याचा निकाल लावायचा तर जुना ढोलवाला हवा, आणि जुना ताफा अख्ख्या क्लबात एकाकडेच, व्हर्ननकडे.

व्हर्नन माझ्या दोन घरं पलीकडे राहतो. एकोणऐंशीचा, जन्मभर बस चालवली, बायको डॉरीन जाऊन बरीच वर्षं झाली. पण क्लबात वयाचा मान नाही, सगळे अरे-तुरे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सहा वर्षं त्याला सगळं धुक्यातलं दिसायचं. दर मंगळवारी कोपऱ्यात बसणार, चीज-कांदा भरलेला गोल पाव खाणार, आणि खिशातून तो ढोलवाला काढून अंगठ्यानं चोळत बसणार. मी त्याच्या हातातून घेऊन भिंगाखाली धरायचो. काही दिसेल तर शपथ. रंगाचे थरच्या थर. दाढ्या जांभळ्या, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके, आणि नाकावर लाल रंगाचा असा गोळा की नाकपुडी आहे की नाही तेच कळेना. व्हर्नन माझ्या कानाशी काहीतरी सांगत असायचा. लेक, डॉरीन, स्वयंपाकघरातलं टेबल... मी "हो, हो" म्हणायचो. ऐकत नव्हतो. मी नाक बघत होतो.

शेवटी व्हर्ननचा ऑपरेशनला नंबर लागला. त्याची मुलगी टॅम्झिन लिंकनला असते, ती म्हणाली, आठवडाभर माझ्याकडेच राहा. जाताना त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "काचघरातल्या टोमॅटोंना पाणी घाल रे बाळा. आणि फळीवरचे आपले आठ जण आहेत तसे राहू देत. परत आलो की घरातलं पहिलं त्यांनाच बघणार आहे."

आहे तसे राहू देत. इतकं स्वच्छ सांगितलं होतं.

टोमॅटोंना पाणी घातलं मी, नाही असं नाही. मग फळीपुढे उभा राहिलो. मनात म्हटलं, बिचाऱ्याला इतक्या वर्षांनी दिसणार आणि बघायला मिळणार काय, तर ही रंगाची ढेकळं? आपण एवढे चषक मिळवलेले, आपण यांना नीट करून दिलं तर म्हातारा किती खूश होईल. मदतच की. असं म्हणून ढोलवाल्याला बरणीत टाकलं आणि वर डेटॉल ओतलं.

जुना रंग काढायला आम्ही सगळे तेच वापरतो. एक दिवस बुडवून ठेवलं की साय निघावी तसा रंग निघतो, दातांच्या ब्रशनं घासलं की खाली चकचकीत धातू. निघाला. मग एकटा ढोलवाला उघडा आणि बाकी सात जांभळ्या दाढ्यांचे, कसं दिसतं ते? म्हणून सातही टाकले. सगळा रंग गेला, पण नाकं काही केल्या जाईनात. लाल ती लालच. मग मॉइराच्या टेबलावरून नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापसाला लावलं, आणि एका पुसण्यात नाकं साफ. आता तुम्ही मला सांगा, नेलपॉलिशच्या औषधानं निघालं, तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही?

नाही पेटली. मी भिंग घेतलं, जुना एका हातात, नवा एका हातात, आणि डावी नाकपुडी बघितली. केस नाही. जुन्यात नाही, नव्यात नाही. काहीच फरक नाही. मी जिंकलो होतो. आणि तेव्हा, हातात तो लाल झालेला कापूस, त्याच्या त्या वासाबरोबर व्हर्ननचं सगळं बोलणं एकदम आठवलं मला. टॅम्झिन सहा वर्षांची होती. टेबलावर तिनं हे आठ जण रंगवले. लाल रंग संपला होता, म्हणून नाकं डॉरीननं आपल्या नेलपॉलिशनं रंगवली, लेकीचा हात धरून. कितीदा सांगितलं होतं त्यानं. कितीदा "हो, हो" म्हटलं होतं मी.

लाज वाटते हो. मदत कसली? मला नाकपुडी बघायची होती. तिथंच फोन उचलून सांगायला हवं होतं, पण मी काय केलं, तर केमिस्टकडे नेलपॉलिश आणायला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणते, "लाल कुठलं देऊ? कुणासाठी हवंय?" काय सांगणार, बुटक्यांसाठी? म्हटलं, बायकोसाठी. बरणीत टाकण्याआधी आठही जणांचे फोनवर फोटो काढले होते, ते समोर ठेवून पाच दिवस बसलो. पण तुम्हाला सांगतो, सहा वर्षांच्या मुलीसारखं रंगवणं मला येत नाही. डाव्या हातानं करून बघितलं. चष्मा काढून करून बघितलं. ठिपका ठेवायला जातो आणि हात आपसूक बुबुळ काढून मोकळा होतो. दाढ्या जांभळ्याच केल्या, पण त्यात छटा आल्या. वाईट काम करायला बसलो आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं.

व्हर्नन आला. कोटही न काढता फळीपुढे गेला. ढोलवाल्याला हातात घेतलं, अंगठा फिरवला, उजेडात धरला. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "काय डोळे दिलेत रे डॉक्टरनं. यांना बुबुळं होती होय? सहा वर्षांच्या पोरीनं काढलेली? आणि मी तिला बँकेत चिकटवलं." आणि माझ्यादेखत फोन लावला. "टॅम्झिन, तुझ्या हातात कला होती गं. माझं चुकलं." मी तिथंच उभा.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन. "क्लाइव्ह, बुबुळं मी काढली नव्हती." मी म्हटलं, हो. "मी पेन्सिलीच्या टोकानं ठिपके दिले होते." म्हटलं, माहीत आहे. सगळं कबूल केलं तिच्यापाशी, डेटॉल, कापूस, नाकं, सगळं. ती रडायला लागली. मला वाटलं आता शिव्या घालेल, घालायलाच हव्या होत्या. तर म्हणते, "मी तुमच्यावर चिडले आहे आणि चिडलेलीच राहणार आहे. पण बाबांना सांगू नका. त्यांनी मला आजवर कधी बरं म्हटलेलं नाही. काल पाऊण तास बोलत होते." आता काय करणार? गप्प बसलो.

पण व्हर्नन गप्प बसतोय होय? आठही जण स्पर्धेच्या टेबलावर मांडले, पुढे चिठ्ठी, 'टॅम्झिन, वय वर्षं सहा'. शेजारी माझा ड्रॅगन, ज्यावर मी आठ महिने डोळे फोडले. परीक्षक वाकून वाकून बुबुळं बघतायत, म्हणतात, एवढ्या वयात एवढी समज. टॅम्झिन खास लिंकनहून आलेली, चषक घ्यायला पुढे गेली, माझ्याकडे बघितलं नाही. बापाच्या डोळ्यांतून, नवीन डोळ्यांतून, घळाघळा पाणी. आणि मी टाळ्या वाजवतोय. मलाच मी हरवलंय आणि टाळ्या वाजवतोय.

गर्दी पांगल्यावर व्हर्नननं मला कोपऱ्यात घेतलं. खिशातून एक जुनाट बाटली काढली, झाकण चिकटलेलं, तळाला जरासा लाल रंग. "नाकांचा रंग चुकलाय रे बाळा," म्हणाला. "डॉरीनचा थोडा नारिंगीकडे होता."

म्हटलं, कधी कळलं तुला? "हातात घेतल्या घेतल्या. सहा वर्षं त्यांना अंगठ्यानं बघतोय मी. नाकं खरखरीत होती, आता गुळगुळीत. दोन दिवस तुझ्या नावानं खडे फोडले, मनातल्या मनात. पण फोनवर तिचा आवाज ऐकलास ना? चाळीस वर्षं त्या पोरीला कौतुकाचा एक शब्द दिला नाही मी, कसा द्यायचा तेच माहीत नव्हतं. आता सुरू झालंय. तिला बोललास तर बघ." म्हणजे लेक म्हणते बापाला सांगू नका, बाप म्हणतो लेकीला सांगू नकोस, आणि मी मध्ये, आणि कुणाला काही बोलायची सोय नाही. तुम्हाला सांगतोय तेवढंच.

मी माफी मागितली. मदतच करत होतो, असं या वेळी नाही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं आणि टेबलाखालून एक खोकं काढून माझ्या हातात ठेवलं. नवं कोरं. बुटके आचारी, सहा जण, गेल्याच महिन्यात पुन्हा निघालेले. म्हटलं, हे काय? "टॅम्झिन सातव्या वर्षीही रंगवायची," म्हणाला. "पुढच्या स्पर्धेपर्यंत सापडतील मला माळ्यावर."

रंगवतोय. नाकं शेवटी करणार, बाटलीत फार उरलेलं नाही. म्हटलं, व्हर्नन, मग पुढच्या वर्षी मी माझं काही ठेवतच नाही टेबलावर. तर म्हणतो, "ठेव की. तिनं हरवायला कुणीतरी नको का?"

ठेवतोय.