पैलं नाव बोरीचं

तीस कार्डं! एक न्हाई, दोन न्हाई, तीस कार्डं टाकली म्या लंकेच्या रेडिओ स्टेशनला, आन् तुमी म्हणता, मुंजाजी, कष्ट कमी पडले? आवं, बोटाला घट्टे पडले! पोष्टमास्तर मला लांबून बगून खिडकी लावायला लागला... पर मी म्हणलं, मागं सरायचं न्हाई. पैलं नाव बोरीचंच!

तुमाला सांगतो, हे खूळ लागलं सेलूत. कापूस घालून व्यंकटरावाच्या कापडाच्या दुकानात जरा टेकलो, तर रेडिओ चालू, आन् त्यातली बाई म्हणायली, 'इस गीत की फ़रमाइश भेजी है सेलू से व्यंकटराव और साथियों ने...' लंकेतून हो! समुद्राच्या पल्याडून सेलूचं नाव, आन् तेबी सगळ्यांत पैलं! व्यंकटराव गल्ल्यावर बसून असा हसला की जनू लंका त्यानंच जिंकली. वर मलाच इचारतो, 'मुंजाजी, बोरीत रेडिओ पोचला का हो?' आता मला सांगा, एवढं मोठं गाव आमचं, अन् त्याची ही इज्जत? निघून गेलं माझ्या तोंडातून, 'दिवाळीच्या आत लंका, जर्मनी, रशिया, तिन्ही देशांतून पैलं नाव बोरीचं ऐकवतो. न्हाई ऐकवलं तर माझा रेडिओ तुमच्या दुकानात!'

आन् माझा रेडिओ म्हंजे कोणाचा? सासऱ्याचा! दोन मेंढरं इकून त्यानं लग्नात दिलेला, आन् सासरा जाऊन झाले दोन वर्सं. घरी येऊन मंडळीला, म्हंजे आमच्या तानुबाईला, पैज सांगितली. ती भाकर थापायली होती, थापतच ऱ्हायली. मला वाटलं, बरं झालं, भांडली न्हाई. इथंच चुकलं बगा माझं.

बसलो वट्ट्यावर कार्ड लिवायला. फर्माईशीत नावं घालायची म्हणल्यावर अर्धं गाव जमा! आता नावं घालायची कशी? आमच्याकडं रीत ठरलेली, लग्नपत्रिकेत घालतेत तशी. पैले दत्तराव पाटील, मंग त्यांचे भाऊ, मंग सोसायटीचे चेअरमन, मंग भावकी, भावकीतबी थोरली पाती, म्हंजे थोरल्या भावाचा वंस, आगोदर, न्हाईतर त्यातला आश्रुबा जेवायला येत न्हाई. खाली 'समस्त मित्रमंडळ'. एक्केचाळीस नावं बसवली, मुंगीच्या पायाएवढं अक्षर! कार्ड टाकून आठ दिवस झाल्यावर ध्यानात आलं की गाण्याचं नाव घालायला जागाच उरली न्हवती. त्या लंकेच्या बाईनं वाजवावं काय मंग? सनई?

तवा काढली मी तीस कार्डांची तरकीब. तीस माणसांची तीस नावं, लिवनारा मी एकटा. आन् तुमाला सांगतो, आली की हो खबर रेडिओवर! सगळी आळी कान लावून बसली, आन् ती बाई म्हणायली, 'परभणी ज़िले से एक ही लिखावट के तीस कार्ड आए हैं... श्रोताओं से निवेदन है, ऐसा न करें।' बगा! जिल्ह्याचं नाव घेतलं, कार्डं मोजली, अक्षर वळखलं, आन् गावाचं नाव तेवढं गिळलं! आवं, शिव्या देतीस तर नावानिशी तरी दे की, माय!

म्हणलं, जाऊ द्या, जर्मनीचं हिंदी स्टेशन धरू. तर जर्मनीचं कुळच येगळं. त्याला गाणं नको, तारीफ नको, आवाज कसा आला तेवढं लिवा म्हणतो. म्या लिवलं, 'आवाज लय ग्वाड.' त्यानं उलटं पत्र धाडलं, आकड्यात लिवा. आता ग्वाडी आकड्यात कशी लिवावी? तरी दारच्या कडुलिंबावर रेडिओची तार बांधली, फांदीवर बसून आकडे मांडले, पडलो, गुडघा फुटला, तोबी लिवला. नाव न्हाई! रशियाला शेतीची आवड म्हणून लिफाफ्यात ज्वारीचं कणीस घातलं. तिकडून बरफाच्या चित्रांची गठ्ठाभर कॅलेंडरं आली. घराघरात बरफ लटकायला लागला, पर नाव न्हाई ते न्हाईच... म्या म्हणलं, मरू दे. पैलं नाव बोरीचंच!

बोलायचो तोंडानं, पर आतून भेलो होतो. दिवाळी आठ दिवसांवर. एका सकाळी बगतो तर तानुबाई पदरानं रेडिओ पुसायली, हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तसा. मी इचारलं, 'कामून गं?' तर म्हणाली, 'द्यायचा तर चांगला पुसून द्यावा.'

आन् त्याच सांजेला लंकेची बाई बोलायला लागली, जरा थांबून, हळू आवाजात... 'आज सबसे पहले बोरी से तानुबाई का पत्र। लिखती हैं, बहनजी, यह रेडियो मेरे बाप ने दो भेड़ें बेचकर दिया था। मालिक ने शर्त में लगा दिया। हमको गाना नहीं चाहिए। बस एक बार बोरी बोल दो, तो मेरा बाप मेरे घर में रह जाएगा।'

सगळी आळी वट्ट्यावर जमलेली. दत्तराव पाटलानं टोपी काढून डोळे पुसले. मी खाली बगत ऱ्हायलो, लाज वाटली हो, लय लाज वाटली. हिनं महिन्याखालीच शाळेच्या केशरबाईकडून तीन पत्रं हिंदीत लिवून घेतलेली, तिन्ही देशांना. दुसऱ्या दिवशी जर्मनीनं नाव घेतलं, चौथ्या दिवशी रशियानं. पैलं नाव बोरीचं! ना आकडे, ना कणीस, ना भावकी!

पैज जिंकली. व्यंकटराव सोता एसटीनं आला, लुगडं घेऊन, तिच्यासाठी. तिन्ही देशांची पत्रं येतेत आता, तिच्याच नावानं, आन् पोष्टात जवाब टाकायला मी जातो.

रेडिओ? हाय की घरातच, चुलीपाशी. गाणं लावायचं तर फर्माईश करावी लागती तानुबाईकडं. पैला नंबर आमच्या आईचा, धुरपताबाईचा, तिला भजनं. दुसरा केशरबाईचा. तिसरा दत्तराव पाटलाचा, ते रोज सांजेला येऊन बसतेत. माझं नाव? येतंय की... 'और साथी' मधी!