सतराव्या फोटोतला मुलगा

(डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. इंगेलिसेच्या स्वयंपाकघरात टेबलभर फोटो पसरलेले.)

इंगेलिसे : सोळाच आहेत. सतरावा कुठाय?

प्रेबेन : आधी हे बघा ना, मावशी. ही चर्चमागची गल्ली. डावीकडे सिनेमातली, सत्तावन सालची. उजवीकडे परवा मी काढलेली. नायिका सायकल टेकवते ना, तिथं आता मोटारी चार्ज करायचा खांब आलाय.

इंगेलिसे : त्या खांबाला रोज वळसा घालून मी पाव आणायला जाते. मला काय गल्ल्या दाखवतोस? सकाळी सातपासून कोट घालून बसलेय. सिनेमात इगोन जिथून बादली घेऊन जातो, तिथं धक्क्यावर मी उभी राहायचं आणि तू फोटो काढायचा, असं ठरलं होतं. भाऊ तेव्हाचा, बहीण आत्ताची. बादलीसुद्धा घासून ठेवलीय.

प्रेबेन : कॉफी आहे का थोडी?

इंगेलिसे : तुझ्या आईबरोबर वीस वर्षं मासे साफ केलेत मी. काही लपवायचं असलं की तीही कॉफी मागायची. आढेवेढे नकोत. बोल.

प्रेबेन : मला जागा सापडेना. माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे. सिनेमातलं चित्र हात लांब करून धरायचं आणि त्यातल्या दोन गोष्टी समोरच्या खऱ्या गोष्टींवर बसवायच्या. कळस कळसावर, धुराडं धुराड्यावर. बसल्या की कॅमेरा कुठं होता ते कळतं. सोळा ठिकाणी बसल्या. धक्क्यावर मात्र आठवडाभर फिरलो, काही केल्या बसेनात.

इंगेलिसे : मासळीचं लिलावघर पाडून पन्नास वर्षं झाली. बसणार कशावर?

प्रेबेन : लिलावघर राहू दे. चित्रातल्या पोराच्या पायांपाशी बघा. दगडी पायऱ्या पाण्यात उतरतायत.

इंगेलिसे : मग?

प्रेबेन : आपल्या धक्क्याला पायऱ्या कधी नव्हत्याच. लाकडी शिडी होती.

इंगेलिसे : असतील पायऱ्या. कोण बघायला गेलंय!

प्रेबेन : कोणीच नाही गेलं, मावशी. सगळं गाव त्या पोराकडे बघत होतं.

इंगेलिसे : दर वर्षी सभागृहात सिनेमा लावतात. पडद्यावर इगोन आला की सगळे टोप्या काढतात. तुझा बापही काढायचा. त्याला पायऱ्या दिसल्या नाहीत, आणि तुला दिसल्या! जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यास, आता माझ्या भावाला मोजायला निघालास?

प्रेबेन : शिव्या द्या, पण ऐका. मी वर उत्तरेला स्कालहावनच्या बंदरात जाऊन आलो. तिथंही अगदी तसंच लिलावघर होतं, एकाच नकाशावर बांधलेलं. पायऱ्या अजून आहेत. तिसरीचा कोपरा तुटलाय. चित्रातही तिसरीचाच तुटलाय. इथं पाऊस थांबेना म्हणून सिनेमावाले एक दिवस तिकडं गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यांना आठवतंय. नायिका मान वळवते ती आपल्या धक्क्यावर, आणि तिला दिसतो तो मुलगा ऐंशी किलोमीटरवरचा. मागाहून जोडलंय.

इंगेलिसे : दाखव.

प्रेबेन : काय?

इंगेलिसे : पिशवीत ठेवलायस तो. सतरावा.

प्रेबेन : हा घ्या.

इंगेलिसे : चष्मा दे तो. ... हं. पायरी तीच आहे.

प्रेबेन : मी हा भिंतीवर लावत नाही. सोळाच लावतो. रविवारी प्रदर्शनात कोण मोजत बसणार आहे?

इंगेलिसे : मी मोजलेच की. ... आईला ठाऊक होतं, प्रेबेन.

प्रेबेन : काय ठाऊक होतं?

इंगेलिसे : इगोन नोव्हेंबरात बुडाला, सिनेमा पुढच्या वर्षी आला. मी आठ वर्षांची. अख्खं गाव बसनं शहरात गेलं बघायला. आई माझा हात धरून बसली होती. तो पोरगा दिसला तशी माझ्या कानाशी म्हणाली, ''स्वेटर माझा नाही.'' आपल्या हातची वीण बाईला दुरूनही कळते. समुद्र बुडालेला माणूस परत द्यायचा तेव्हा आमच्या बायका ओळख पटवायला आधी स्वेटर बघायच्या. इगोनला तर समुद्रानं दिलंच नाही.

प्रेबेन : पण त्यांनीच तर थिएटरात हाक मारली होती ना? बाबा सांगायचे.

इंगेलिसे : दुसऱ्याच क्षणी. उठून उभी राहिली आणि ओरडली, ''इगोन!'' सगळं थिएटर रडलं. त्यानंतर नाही म्हणायची कोणाची छाती होती?

प्रेबेन : आणि तुम्ही?

इंगेलिसे : त्या दिवशी घरी येऊन ती सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. बटाटे, मासा, वरून पावाचा तुकडा. मी ते स्वेटरचं विसरून गेले. सोंग नव्हतं रे ते, खरंच विसरले. आत्ता ही पायरी बघितली तेव्हा आठवलं.

प्रेबेन : मी यायलाच नको होतं.

इंगेलिसे : नाक पूस. साठीला आलास आणि रडतोस काय? खोटं लावलं असतंस तर तुझ्या आईनं वरून येऊन थोबाडलं असतं. लाव तो सतरावा. खाली स्कालहावन लिही.

प्रेबेन : लोक विचारतील.

इंगेलिसे : विचारू देत. तेही पोरगं कोणाचं तरी असेलच. ... बस जरा. कॉफी आहे किटलीत. तूच ओत.

प्रेबेन : ओततो. तुम्ही कोट काढा आता.

इंगेलिसे : इगोनचा एकही फोटो नाही घरात. शाळेच्या फोटोत तो हलला, तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग आहे. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये सगळ्या पोरांचा फोटो काढतात, त्याचा राहिला. तेराव्यातच गेला.

प्रेबेन : माहीत आहे, मावशी.

इंगेलिसे : साठ-पासष्ट वर्षं मी डोळे मिटले की हाच मुलगा येतो. टोपी कपाळावर ओढलेली, मागं वळून बघतो. त्याच्या वाढदिवसाला मी ह्याच्याशीच बोलते. मग आता तूच सांग, प्रेबेन. माझा भाऊ दिसायचा कसा?