सरळ केलेली भोकं

तुम्हाला सांगते, माझ्या कामावर माझाच विश्वास नसतो. गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत, म्हणून आमच्या अवकाश दुर्बिणीला भोकं पाडलेला पत्रा लागतो. त्याच्या सावलीवरून किरण कुठून आले ते कळतं. नमुन्याचा पत्रा सातिवलीच्या एका वर्कशॉपला दिला होता. चाचणी उद्यावर, आणि बघते तर तिथल्या काकांनी सगळी भोकं शिस्तीत रांगेत पाडलेली.

"ताई, ड्रॉइंगमध्ये वेडीवाकडी होती. म्हटलं, तुमच्या घरी लहान बाळ आहे, हात हलला असेल. मीच सरळ केली."

"अहो काका, ती वेडीवाकडीच हवीत. रांगेत असली तर किरण कुठूनही आले तरी सावली सारखीच पडणार. मी तीनदा तपासलंय."

काकांनी चष्मा लावून ड्रॉइंग पाहिलं. "मग शेवटच्या दोन ओळी हुबेहूब सारख्या कशा?"

मी ड्रॉइंग जवळ ओढलं. लेकीला भरवता भरवता मी एकच ओळ दोनदा चिकटवली होती.

"ते मुद्दाम, काका. तुमच्या लक्षात येतंय का ते बघायला."

"मग मी पास," म्हणत काकांनी नवा पत्रा मशीनवर चढवला आणि पेन्सिल माझ्यापुढे केली. "आता तुमची फेरपरीक्षा."