कडं शून्यावर येईना

हॅलो? … हां वैजयंती, बोल. … नाही, निघालो नाही. फरीदाबादलाच आहे, लॅबमध्ये. … अगं ऐक ना, कडं बिघडलंय. … हातातलं नाही गं, मी बनवलेला, दाब मोजणारा सेन्सर. तीन वर्षं ज्याच्यापायी तुझी बोलणी खाल्ली, तोच.

… काल संध्याकाळी शून्यावर लावून आलो होतो. आज सकाळी सुरू केला तर चाळीस. आता एकतीस. आपोआप उतरतोय. … हो, हो, माहितीये, खंडेनवमीला हत्यारं चालवायची नसतात. आमचे साहेब लुधियान्याचे, त्यांना कोण सांगणार?

… सांगून झालं त्यांना. चारलाच फोन केला, म्हटलं नापास. … मग काय, परदेशातून तयार सेन्सर मागवणार. आता सब खुल गया है यार, म्हणाले. साडेपाचला निघताना ऑर्डरवर सही करतील. की माझं काम बंद. … चिडू नको तर काय करू?

… आत काय असणार? केसाएवढी काचेची तार, गुंडाळून कडं केलेली. उजेड तिच्यात दोन वाटांनी फिरतो, एक जलद, एक सावकाश. तार कुठे दाबली गेली की दोघांमधला फरक बदलतो, तोच मोजायचा. … एकदा नाही गं, शेकडो फेऱ्या. म्हणून तर एवढासा दाबही कळतो.

… नाही, काही ठेवलेलं नाही त्यावर. वायरी बदलल्या, पंखा बंद केला, माझ्या असिस्टंटला, त्या बिचाऱ्या गौरवला, उगाच झापलं. … हो, पूजा केली. सकाळी आल्या आल्या. तू दिलेला हार घातला. … कशाला म्हणजे? कड्यालाच. … काढीन कसा? दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, तूच बजावलंस ना?

… सुकला असेल, हो. झेंडू तो, सकाळपासून सुकणारच. हलका हो…

थांब. धर जरा.

… हॅलो. उचलला हार. … शून्य. वैजू, शून्य आलंय. दिवसभर ते बिचारं हाराचं वजन सांगत होतं आणि मी त्यालाच नापास करून बसलो. … नाही, तुझी चूक नाही. … किती वाजले? … पाच पंचवीस? अगं मग फोन ठेव. … देवाला नमस्कार नंतर. इथे एकच लाइन आहे, साहेब सही करतील. … घरी आल्यावर वाट्टेल ते ऐकवा बाईसाहेब. … वैजू, मी ठेवतोय.