आरामाची वेळ

खरं सांगते, सुमनबाईंचं यंत्र बिघडलंय असंच मला वाटलं होतं. नांदूरघाटात उन्हाच्या अभ्यासासाठी आम्ही शेतात राबणाऱ्या बायकांच्या गळ्यात दिवसभर उष्णता मोजणारं यंत्र अडकवायचो. सुमनबाईंचा सगळ्यात मोठा आकडा भर उन्हात शेतातली धसकटं वेचतानाचा नव्हता, दुपारच्या आरामाचा होता. मी त्यांच्या दारातल्या कडुलिंबाखाली, त्यांच्या सासऱ्यांशेजारी बाजेवर बसून विचारलं, "दुपारी आराम कुठं करता?"

"घरात, पत्र्याखाली."

"ही सावली सोडून?"

"हितं मोठी मानसं बसत्यात, ताई. शेतात निदान वारा तरी लागतो."

सासरे म्हणाले, "तिला कुणी न्हाई म्हनलंय का?"

मी वहीतून मान वर केली. आम्ही दोघं सावलीत बसलो होतो आणि सुमनबाई उन्हात उभ्या राहून उत्तरं देत होत्या.