ओन्याच्या ओसरीवरचं यंत्र

—चांगली? कुणी म्हटलं चांगली? तुमच्या कागदावर असेल, डॉक्टरबाई, मी नाही म्हणत नाही—पण ताल तळ्याच्या या काठाला हवा चांगली म्हणजे... बसा हो, कॉफी घ्या, आमची बाराको जरा कडकच लागते. तर पैसे देणारे म्हणतात, हवा मोजायच्या यंत्रात काही सापडलं नाही, मग अभ्यास पुढं कशाला चालवायचा—असंच ना? बरोबर आहे त्यांचं. ज्याचा पैसा तो विचारणारच. रडत नाही मी, तळ्यातला ज्वालामुखी धुमसला की डोळे असेच गळतात. अभ्यास बंद म्हणजे घरोघरी तपासायला येते ती नर्स पण बंद, होय ना? आणि नातीचा श्वासाचा पंप? तोही. हं. विचारलं आपलं. इमेची छाती वाजते ना, म्हणून.

आमचे हे त्या धुरातच गेले—ग्रेगोरियो. जाळं टाकून होडीत बसले होते, तळ्यावरून ते पांढरं आलं, ओढलेल्या आगकाडीसारखा वास. काठाला लागले ते खोकतच. मी? मी इथंच, यंत्रापाशी. मग, आधी ते नको सांभाळायला? तुमच्या सरांनी बसवताना हात धरून सांगितलं होतं—लोला, या काठाला हे एकच आहे, जिवापाड जपा. लोला, म्हणजे आजी म्हटलं की बाई बांधली जाते हो. मग जपलं. वास आला की आधी भाताचं भांडं झाकायचं, मग बाळ येशूची मूर्ती, मग यंत्र—वरपासून खालपर्यंत मेणकापड, दोरीनं घट्ट आवळून. धूर पार ओसरला की सोडायचं. बघा बरं, राखेचा एक कण दिसतोय? शेजारची सेल्या टोमणे मारायची, नवऱ्यापेक्षा याचीच बडदास्त जास्त गं तुझी! मारू दे. पाहुण्याची वस्तू आहे.

का हो? लिहायच्या थांबलात?

छे, एकदासुद्धा विसरले नाही, शप्पथ. हे गेले त्या दिवशीपण आधी—काय दाखवताय? ती जाळी? तिथनं हवा आत घेतं ते?

हं.

म्हणजे धूर होता ते सगळे दिवस...

मला वाटलं, ते वर आभाळाकडं बघतं, धुरात त्याला काय दिसणार. कुणी सांगितलं नव्हतं तसं, माझं मीच धरून चालले. कॉफी गार झाली तुमची. राहू दे. त्यांना सांगाल? सांगा, ओन्या म्हातारीनं घोळ घातला म्हणून, नाव घाला माझं—मग पैसे देतील?... नाही देणार. तोंडावरच दिसतंय तुमच्या. त्यांचं ठरून गेलंय.

उठा तुम्ही, शेवटची जीपनी गाडी चुकेल. नको नको, माझा हात कशाला धरता, मला काही झालेलं नाही. दार तेवढं ओढून घ्या जाताना, वास यायला लागलाय. इमे—ए इमे, आत ये बाळा.