ठोकळ्यांची ताटली

हॅलो?… हो, बोल अपू… मीच आहे. आवाज असाच आहे, झोपली नव्हती… जेवली. वरण-भात… अवं, जेवली म्हणते ना!

नाही, तुझे भाऊजी नाहीत घरी. शेतात तूर काढून राह्यले, मशीन आलं आज. सासरेबाबाही तिकडंच. सासूआई आहेत आत… पियुष? अंगणात बसला, तुरीच्या शेंगा घेऊन… हो, तशाच. रांगेत.

आला. सकाळी ह्यांच्या मोबाइलवर आला त्याच्या बुद्धीच्या चाचणीचा रिपोर्ट… पाह्यला. इंग्रजीत आहे सारं, आकडा तेवढा समजला… नको विचारू, अपेक्षा. कमी आहे. बस, कमी आहे.

रडत नाही मी. खरंच. काहीच होऊन नाही राह्यलं मले. सकाळपासून भांडे घासले, कपडे धुतले. शेजारच्या लीलाबाई आल्या होत्या, त्यायच्यासंगं हसली बी… तेच तर.

आता काय? सोमवारी नागपूरले नेऊन राह्यले त्याले. ती अशा लेकराईची निवासी शाळा नाही का… हो, तीच. चाचणीवाल्या मॅडमनं फोनवर सांगितलं म्हणे, एवढ्या बुद्धीवर घरी ठेवून काही होणार नाही. सासरेबाबानं लगेच जागा धरली. दिवाळीले न उन्हाळ्यात येईल घरी. सहा वर्षाचा आहे, अपू… मी काय म्हणणार? कोणी विचारलं मले?

हो… हो… अवं, ऐक ना. तू तिकडे पुण्यात मानसशास्त्र शिकून राह्यली, तुले पटत नाही, ठीक आहे. पण मॅडम बी शिकूनच बसल्या ना यवतमाळले. चांगल्या होत्या. पोराले चॉकलेट दिलं… खाल्लं कुठं त्यानं? कागद वाजवत बसला.

काय काय घेतलं म्हणजे… बोलायचं होतं, ते तर त्याले जमणारच नव्हतं. मग चित्रं दाखवली. एका चित्रात बर्फावरून घसरायची गाडी होती. मलेच नाही समजली, शेतातलं वखर आहे म्हणलं… हास. हास तू.

मग ठोकळे. लाल-पांढरे. चित्रासारखे जुळवायचे. तिथंच गेलं ना सारं! मॅडम म्हणे, ऑटिझमवाली लेकरं बोलत नसली तरी आकृत्या जुळवण्यात तेज असतात, पुस्तकातच आहे तसं. न ह्यानं एक नाही जुळवली. म्हणून म्हणे, हा तिथंही मागंच.

कोणत्या लेकराईवरून?… मले काय माहीत, पुस्तकातली लेकरं कुठली… बाहेरच्या देशातली?… बरं… म्हणजे त्यायच्या घरी रांगतानापासून असे ठोकळे असतात… हो… न एका देशातल्या लेकराईचं दुसऱ्या देशातल्याले लागू होईलच असं नाही… हळू बोल, कॉलेजात आहे ना तू?… असंल, अपू. खरंही असंल. पण मी बाबासमोर सांगू का हे? अर्ध्यातून उठून जातील ते.

काय केलं म्हणजे?… म्हटलं ना, जुळवले नाहीत… नाही, फेकले नाही. तोंडात बी नाही घातले. थांब, सांगते. मॅडमनं ठोकळे ताटलीत दिले. गोल, प्लॅस्टिकची. यानं ताटली उचलली न उतरला खुर्चीवरून. बाबा बसले होते दाराजवळ, त्यायच्या हातावर एक ठोकळा ठेवला. मग आईच्या. मग ह्यांच्या. मग माह्या… हो, मॅडमच्याही. त्या म्हणे, नाही बेटा, असं नाही. गोळा केले, पुन्हा ताटलीत दिले. यानं पुन्हा वाटले. मॅडमच्या हातात घड्याळ होतं, ते चालूच…

अपू.

…आहे. आहे मी फोनवर… अवं, संक्रांतीनंतरचेच दिवस होते ना ते. हळदीकुंकवाले रोज बाया येत होत्या घरी. आई तिळगुळाची ताटली त्याच्याच हातात देत. आधी मोठे, मग लहान, असं हात धरून फिरवत. त्याले बोलता येत नाही, तर मागून आईच म्हणत, तिळगूळ घ्या. मग तो एकटाच फिरवू लागला, हात सोडून… न चुकला नाही, अपू. दवाखान्यातही नाही चुकला. आधी बाबा, मग आई, मग हे, मग मी. शेवटचा ठोकळा राहू दिला ताटलीत. ताटली रिकामी करायची नाही, हे बी आईनंच शिकवलं त्याले.

आम्ही सारे तिथंच बसलो होतो. कोणाच्या डोक्यात नाही आलं. दवाखान्यात गेलं की आपल्या घरचं आपल्यालेच आठवत नाही… नाही, खुशी-बिशी नाही झाली. काहीच नाही झालं.

चाचणी पुन्हा घ्या म्हणायचं?… घरी येऊन?… असं म्हणता येते?… न तोवर शाळा नाही… तुले सोपं वाटते. जागा धरली त्यायनं…

थांब एक मिनिट. आई बाहेर आल्या.

…आई, हे स्वेटर कायले काढले?… हो, नागपूरले थंडी असते, पण… अपेक्षा आहे फोनवर… आई, बसा जरा. बसा न… त्या दिवशी यवतमाळले यानं ठोकळा ठेवला ना तुमच्या हातावर, तवा तुम्ही काय म्हणल्या?… आठवा… हळूच म्हणल्या तुम्ही. मी बाजूलेच होती. "गोड बोल रे राजा," म्हणल्या…

…नाही जात तो सोमवारी… बाबाले मी सांगते… मी सांगते म्हटलं ना, आई.

हॅलो… ऐकलं ना तू?… आई? बसल्या आहेत तशाच. स्वेटरची उलटी बाही सुलटी करून राह्यल्या… माहीत नाही, अपू. पिशवीत भरतील का कपाटात ठेवतील, समजून नाही राह्यलं… नाही, विचारत नाही मी.

ट्रॅक्टर आला वाटते… हो, हेच. बाबाही आहेत मागं… काय सांगू म्हणजे? तुले सांगितलं तेच… नाही, चालू नको ठेवू फोन… नको म्हटलं ना. चपला काढून राह्यले ते. ठेवते मी.